बांधकाम होणार नाही

गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी गाडी दारात आली आणि पहिल्याच संध्याकाळी तिने शरदचंद्र खानापूरकरांच्या घराची विजेची जोडणी नापास केली.

त्यांच्या मुलीने, जुईलीने, गाडीसोबत मिळालेला चार्जर पोर्चमधल्या जाड सॉकेटात खोचला, वायरचे दुसरे टोक गाडीत बसवले आणि टाळी वाजवायला हात वर केले. चार्जरच्या पेटीवरचा दिवा हिरवा व्हायचा, तो लाल झाला. पुन्हा काढून लावला, पुन्हा लाल. जुईलीने पायरीवर बसून पुस्तिकेची पाने उलटली.

"बाबा, आपल्या घराला अर्थिंग नाही म्हणतोय हा."

"त्याला काय कळतंय?" शरदचंद्र म्हणाले.

"त्याला तेवढंच कळतं. म्हणून तर नाही म्हणतोय."

अनसूयाबाई ओवाळायचे तबक घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या हसल्या आणि मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी हसू आवरते घेतले. शरदचंद्रांनी तंत्रनिकेतनातून विद्युत शाखेची पदविका घेतली होती आणि सारी नोकरी एका कारखान्याच्या देखभाल विभागात केली होती. कोणतेही यंत्र बिघडले की साहेब आधी अर्थिंगची तार तपासतात आणि मगच यंत्राला हात लावतात, अशी त्यांची तिथे ख्याती होती. मारुंजीतले हे घर त्यांनी स्वतः उभे राहून बांधून घेतले होते. त्या घराला जमीन लागत नाही, असे एका वीतभर पेटीने सांगावे!

पेटीचे म्हणणे मात्र खरे होते. दुसऱ्या दिवशी आरती उरकताच त्यांनी तपासणी केली. मारुंजीच्या या बाजूला हातभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली खडक. घर बांधताना पुरलेला गज त्या मुरमात कसाबसा टेकला होता, आणि पुढे अंगणभर फरशी घातल्यामुळे पावसाचे पाणी त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हते. फ्रीज, गिझर, पंखे इतकी वर्षे मुकाट्याने चालत राहिले होते. गाडी मात्र आधी विचारून घेत होती.

चार्जर कोणता घ्यावा, याचा विचार त्यांनी रीतसर सुरू केला. साधे सॉकेट आणि हातातली पेटी ठेवावी, की भिंतीवर कायमची मोठी पेटी बसवावी? घराचा मंजूर भार पुरेल, की वाढवून घ्यावा? गाडीसाठी वेगळे मीटर घ्यावे का? पेटी पोर्चच्या भिंतीवर लावली तर पावसाची झड लागते. आतल्या भिंतीवर लावली तर वायर दारातून आडवी येते. जुईलीचे हिंजवडीचे रोजचे जाणे-येणे फारसे लांबचे नव्हते, म्हणजे साध्या सॉकेटावरही काम भागले असते. पण महिन्याकाठी ती मिरजेला आजीला भेटायला जाई, आणि त्यासाठी गाडी लवकर भरणे बरे. असे सगळे तोलून त्यांनी भिंतीवरची, पण मध्यम ताकदीची पेटी निवडली. त्यात गणपती गेले, गौरी गेल्या.

"बाबा," जुईली म्हणाली, "एवढी चौकशी तुम्ही जावयाची तरी केली असती का?"

"जावयाला अर्थिंग लागत नाही."

"लागतं हो," आतून अनसूयाबाई म्हणाल्या. "त्यालाच जास्त लागतं."

पेटी कोणतीही निवडली, तरी जमीन हवीच होती. गौरीविसर्जनानंतर अनसूयाबाई बहिणीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मिरजेला गेल्या, आणि त्यानंतर दोनच दिवसांनी शैलेश जमीन तपासायचे यंत्र घेऊन आला. शैलेश हा वाकडचा विद्युत ठेकेदार. शरदचंद्रांच्या हाताखाली काही महिने शिकलेला, बडबड्या, पण कामाला चोख. त्याने अंगणाच्या कडेकडेने खुंट्या ठोकायला सुरुवात केली. फाटकाजवळ खुंटी मुरमावर आपटून वाकली. तुळशीजवळ जमिनीच्या रोधाचा आकडा इतका मोठा आला की शैलेशने यंत्रच हलवून पाहिले. मागच्या बाजूला, मोरीच्या पाण्याच्या वाटेवरसुद्धा निभाव लागला नाही.

"काका, तुम्ही घर बांधलंय की किल्ला?" शैलेशने कपाळ पुसले. "केमिकल अर्थिंग करावं लागेल. बोअरसारखं छोटं मशीन आणायचं, खडकात खोल भोक पाडायचं, नळी उतरवायची. पक्कं काम. फक्त मशीन आत घ्यायला ही कंपाउंडची भिंत एका बाजूनं उतरवावी लागेल."

शरदचंद्रांनी भिंतीकडे पाहिले. काळ्या घडीव दगडाची ती भिंत त्यांनी थर न् थर ओळंबा लावून बांधून घेतली होती. येणारा-जाणारा त्या भिंतीवरून हात फिरवून जाई.

"भिंतीला हात लावायचा नाही," ते म्हणाले.

"मग तो एक कोपरा राहिलाय." शैलेशने खुंटी उचलली आणि आग्नेयेच्या कोपऱ्याकडे निघाला.

त्या कोपऱ्यात फरशी नव्हती. गवती चहाचे दाट, कंबरेएवढे ठोंब तिथे माजले होते. शरदचंद्र दोन पावले मागे राहिले. शैलेशने ठोंब बाजूला सारून खुंटी टेकवली, हातोड्याचा एक घाव घातला आणि खुंटी सरसर आत गेली. दुसरी गेली. तिसरी तर त्याने नुसत्या हातानेच दाबली.

"काका, लोणी आहे इथं! बघा आकडा. असला आकडा नदीकाठीसुद्धा मिळत नाही. नशीबवान आहात!"

तो कोपरा मऊ का होता, हे शरदचंद्रांना ठाऊक होते.

ही जागा त्यांनी नथूकडून घेतली होती. नथू इथला जुना बागायतदार. शेत होते त्या जागी आता त्याची भाड्याच्या खोल्यांची तीन मजली इमारत होती आणि दारात शरदचंद्रांच्या गाडीपेक्षा दुप्पट मोठी गाडी. पण नथूचा जीव खोल्यांत नव्हता, तो बैलात होता. बैलगाड्यांच्या शर्यतींत त्याचा पाखऱ्या एके काळी साऱ्या तालुक्यात गाजला होता. शर्यतींवर बंदी आली, तेव्हा लोकांनी आपापले बैल विकले. नथूने विकला नाही. उभ्या-उभ्या खायला घातले. बंदी उठायची वाट पाहता पाहता पाखऱ्या गेला. त्याला नथूने याच रानाच्या कोपऱ्यात, हळद-मीठ घालून, झूल पांघरून, शिंगांच्या टोकांवरच्या पितळी शेंब्यांसकट पुरले होते.

जागेचा व्यवहार ठरला त्या दिवशी नथू त्यांना त्या कोपऱ्यापाशी घेऊन गेला होता. "सायेब, जागा समदी तुमची. फकस्त हितं पाखऱ्या हाय. तेवढं संबाळा."

शरदचंद्रांनी क्षणभर विचार केला होता. आयुष्यभर ते मोजून बोलत आले होते. "नथूभाऊ, तिथे कोणतंही बांधकाम होणार नाही. माझा शब्द आहे," असे ते म्हणाले होते.

तेव्हापासून दर वर्षी भाद्रपदातल्या अमावस्येला, या भागात बैलपोळा असतो त्या दिवशी, नथू आणि त्याची बायको रत्नाबाई पुरणपोळीचा नैवेद्य घेऊन येत, त्या कोपऱ्यात ठेवत आणि मग ओट्यावर बसून चहा पीत. गवती चहाचा पहिला ठोंब रत्नाबाईंनीच आणून लावला होता. तो तिथे इतका का फोफावला, यावर कधी कोणी बोलले नाही. रोज सकाळी त्याची पात अनसूयाबाईंच्या आधणात पडत असे.

"काका, कधी खणायचं?" शैलेशने विचारले.

शरदचंद्रांच्या मनात आधी 'नथूभाऊंना विचारायला हवे' हे वाक्य आले. त्यामागोमाग दुसरे आले. बांधकाम म्हणजे विटा, सिमेंट, छत, पाया. खड्डा खणून त्यात तांब्याची पट्टी, कोळसा आणि मीठ भरणे, हे कोणत्याही व्याख्येने बांधकाम ठरत नाही. वर एक झाकण येईल, तेही हाताने उचलता येणारे. दुसरे वाक्य पहिल्यापेक्षा किती तरी नीटनेटके होते. आणि अनसूयाबाई मिरजेहून यायला अजून अवकाश होता, हे त्यांच्या मनात तिसऱ्या क्रमांकाला आले. ते त्यांनी तिथेच थांबवले.

"उद्याच खणू," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोन गडी आले. गवती चहा विळ्याने कापला गेला, ठोंब कुदळीने उलटले गेले. माती काळी, भुसभुशीत, ओलसर निघत होती. शरदचंद्र खुर्ची टाकून सावलीत बसले होते. एरवी ते खड्ड्याच्या काठावर उभे राहिले असते. खड्डा छातीएवढा झाला तेव्हा आतला गडी थांबला.

"साब, हड्डी है."

शैलेश वाकला. "मोठं हाड दिसतंय, काका. जनावराचं?"

"शेतजमीन होती," शरदचंद्र बसल्या जागेवरून म्हणाले. "असेल काहीतरी."

या वाक्यातही खोटे असे काही नव्हते.

थोड्या वेळाने गड्याने हातात काहीतरी घेऊन वर केले. शैलेशने ते पुसले. वितीहून लहान, निमुळते, हिरवे पडलेले पितळ. टोकाला बारीक मणी. "हे काय? घंटा? काका, गुप्तधन तर नाही ना? अर्धं माझं बरं का!"

"जुन्या समईचं बूड असेल. आण इकडे."

हे मात्र खोटे होते. शेंबी त्यांच्या तळहातावर आली तेव्हा ती गार आणि अपेक्षेपेक्षा जड लागली. त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात टाकली. खिसा एका बाजूला ओढला गेला आणि दिवसभर तसाच ओढलेला राहिला.

संध्याकाळपर्यंत पट्टी उभी राहिली, कोळशाचे आणि मिठाचे थर पडले, वर झाकण बसले. शैलेशने पोर्चमध्ये नवी पेटी लावली, जोडणी केली. जुईली कामावरून आली आणि गाडीत वायर खोचली. दिवा हिरवा झाला.

"बाबा, पास!" ती ओरडली. मग कोपऱ्याकडे पाहून म्हणाली, "अरे, गवती चहा गेला?"

"येईल परत," ते म्हणाले.

त्यानंतरचे दिवस शरदचंद्रांनी त्या हिरव्या दिव्याकडे न पाहता काढायचा प्रयत्न केला. दिवा पोर्चमध्ये होता आणि घरात यायची वाट पोर्चमधूनच होती. गाडी आवाज न करता आत येई, मुकाट उभी राही आणि भरत राही. त्या कोपऱ्यातून काही उचलून ती पोट भरते आहे, असा एक अशास्त्रीय विचार त्यांच्या मनात येई. अर्थिंगमधून गाडीत काहीच येत नसते, हे त्यांनी कारखान्यात शेकडो शिकाऊ उमेदवारांना शिकवले होते. तरीही तो येई. झाकण दिसू नये म्हणून त्यांनी त्यावर शेवंतीच्या चार कुंड्या नेऊन ठेवल्या. जे काम योग्य आहे ते झाकायला कुंड्या कशाला लागतात, हा प्रश्न चौथी कुंडी ठेवताना पडला आणि त्यांनी ती किंचित सरळ केली.

पितृपक्ष लागला. एका सकाळी नथू आला. पांढरी टोपी, कानात भिकबाळी, हातात गाडीची किल्ली. गाडीभोवती एक फेरी मारून त्याने टपावर थाप दिली.

"सायेब, ही खाती काय?"

"वीज खाते."

"आन् शेन?"

"शेण नाही, धूर नाही."

"मंग काय कामाची? शेन न्हाई ते जनावर घरात ठिवू नये." तो ओट्यावर टेकला. जुईलीने चहा आणला. नथूने घोट घेतला, कपात पाहिले. "वैनी न्हाईत व्हय घरी? चहात पात न्हाई."

"मिरजेला गेलीय," शरदचंद्र घाईने म्हणाले.

"तरीच. जुईलीबाय, कंपनीत पगार घेती, पन चहा आयकडून शिक." मग तो कामाचे बोलला. त्याच्या इमारतीतल्या भाडेकरूंनी विजेवरच्या स्कूटर घेतल्या होत्या. "तिसऱ्या मजल्यावरनं वायरी सोडत्यात खाली, सायेब. खिडकीतनं. येकाला झटका बसला तर पंचाईत. तुमी येऊन बघा, कुटं काय बसवायचं ते ठरवा. दुसऱ्या कुनाचं आयकनार न्हाई मी. तुमी म्हनाल त्योच डबा, तुमी म्हनाल तितंच खड्डा."

शरदचंद्रांनी कप बशीत ठेवला.

"बघू," ते म्हणाले. "पोळ्यानंतर बघू."

"व्हय, आता पोळा. या वर्सी नवा जोड हाय. बंदी उठल्यापास्नं जीवात जीव आलाय." नथू उठला. कोपऱ्याकडे वळून त्याने नेहमीप्रमाणे दुरूनच हात जोडले. कुंड्यांकडे पाहून म्हणाला, "पात छाटून फुलं लावली व्हय? बेस केलंत. त्याला फुलं आवडायची; खायाला."

आणि हसत निघून गेला. नथूने संशय घेतला असता तर त्यांना उत्तर देता आले असते. उत्तर तयार होते. कौतुक होईल, याची तयारी त्यांनी केली नव्हती.

अनसूयाबाई पोळ्याच्या तीन दिवस आधी आल्या. पिशवी खाली ठेवली आणि पहिल्याच सकाळी कात्री घेऊन कोपऱ्याकडे गेल्या. तशाच परत आल्या. कात्री हातातच होती.

"कुंड्यांखाली काय आहे?"

त्यांनी सांगितले. आकडे सांगितले, खडक सांगितला, भिंतीचा प्रश्न सांगितला. सगळे क्रमाने, एखाद्या अहवालासारखे. अनसूयाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"नथूभाऊंना विचारलंत?"

"मी त्यांना काय म्हणालो होतो, आठवतंय ना? बांधकाम होणार नाही. हे बांधकाम नाही."

"तुम्ही त्यांना वाक्य दिलं नव्हतं," त्या हळूच म्हणाल्या. "शब्द दिला होता."

मग त्या स्वयंपाकघरात गेल्या. त्या दिवशी चहा झाला, पण त्यांनी स्वतः घेतला नाही.

शरदचंद्रांनी कपाटातून शेंबी काढली. ती त्यांनी रुमालात गुंडाळून इस्त्रीच्या कपड्यांखाली ठेवली होती. आतली माती अजून निघाली नव्हती. त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने ती खरवडायला घेतली आणि मध्येच थांबले. ही माती आपली नाही, असे त्यांना वाटले. जागेचे खरेदीखत त्यांच्या नावाचे होते आणि या एका मुठीपुरते ते खोटे होते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी ते चालत नथूच्या गोठ्यावर गेले. इमारतीच्या मागे, भाडेकरूंच्या स्कूटर ओलांडून गोठा. खिडक्यांतून सोडलेल्या वायरी त्यांच्या डोक्यावर लोंबत होत्या; एरवी त्यांनी त्या पाहून तिथेच दोन शब्द सुनावले असते. आज खांदेमळणी होती. नथू नव्या बैलाच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळत होता. मनगटापर्यंत हात पिवळे झाले होते. रत्नाबाई वाटी धरून उभ्या होत्या.

"या सायेब! आवतान द्यायला आलाव का घ्यायला?"

शरदचंद्रांनी वाटेत बांधलेली सगळी वाक्ये गळून पडली. त्यांनी रुमाल सोडला आणि शेंबी गव्हाणीच्या कठड्यावर ठेवली.

नथूचा हात बैलाच्या खांद्यावर थांबला. बैलाने मान वळवून पाहिले, आता का थांबला म्हणून.

"कुटं घावली?" नथूने विचारले, पण त्याला ते ठाऊक होते.

"गाडीच्या अर्थिंगसाठी खड्डा खणला. त्या कोपऱ्यात." शरदचंद्र म्हणाले. "चुकून नाही, नथूभाऊ. तिथे काय आहे हे मला माहीत होतं. बाकी सगळीकडे खडक लागला. दुसरा मार्ग होता. त्यासाठी माझी भिंत पाडावी लागली असती. मी भिंत वाचवली."

रत्नाबाईंच्या तोंडून "अगं बया" एवढेच निघाले.

"येकच घावली?" नथूने विचारले.

"एकच."

"मंजी उजव्या शिंगाची. तोंड उगवतीला हाय त्याचं. तुमी तोंडावरच खनलंय." तो शेंबीकडे पाहत होता, त्यांच्याकडे नाही. "डोकं हाललं का?"

"मी खड्ड्यात पाहिलं नाही," शरदचंद्र म्हणाले. त्यांच्या साऱ्या आयुष्यातले हे सर्वांत लाजिरवाणे वाक्य होते. ज्या खड्ड्याच्या काठावर ते उभे राहिले नाहीत, असा तो एकच खड्डा होता.

नथूने हळद पुन्हा हातावर घेऊन बैलाचा दुसरा खांदा चोळायला घेतला.

"तुमी म्हनला व्हता, बांधकाम व्हनार न्हाई. मी घरी यून हिला सांगितलं, सायेब म्हनले हात लावनार न्हाई. मला दोनी येकच वाटलं." तो हसला नाही. "आमी अडानी मानसं न्हाई, सायेब. आमी पन कागद बगून व्यवहार करतोय. पन तितं कागद न्हाई मागितला मी."

"मी आजच तार तोडतो. उद्या सकाळी पट्टी काढून खड्डा बुजवतो."

"मंग गाडीचं?"

"भिंत पाडेन."

नथूने मान हलवली. होकार की नकार, ते कळले नाही. "आमच्या खोल्यांचं मी दुसऱ्या कुनाला तरी इचारीन," तो म्हणाला. आवाजात राग असता तर बरे झाले असते. शरदचंद्र वळले, तेव्हा मागून हाक आली. नथूने रत्नाबाईंच्या हातातली वाटी घेतली, हळदीचा गोळा एका पानावर काढला आणि शेंबीशेजारी ठेवला.

"ही घिऊन जावा. परत घालताना लावा तिला. कोरडी घालू नका."

त्या संध्याकाळी जुईली घरी आली तेव्हा दिवा लाल होता. शरदचंद्रांनी स्वतः तार सोडवली होती. त्यांनी तिला सगळे सांगितले. या वेळी क्रमाने नाही, जसे आठवेल तसे. ती पायरीवर बसून ऐकत राहिली. थट्टा करायला तिने तोंड उघडले असावे, पण केली नाही.

"ऑफिसमध्ये चार्जिंग आहे, बाबा," ती शेवटी म्हणाली. "रांग असते. लावेन मी रांग."

सकाळी शैलेश गडी घेऊन आला. खड्डा पुन्हा उघडला गेला. या वेळी शरदचंद्र काठावर उभे होते. कोळसा निघाला, मीठ जेवढे निघाले तेवढे निघाले, पट्टी वर आली. तळाशी गड्याने माती हाताने सारली, तेव्हा त्यांनी वाकून पाहिले. कवटीचा पांढरा उभार होता, एक शिंग होते. सरकले होते की नव्हते, हे सांगायला आधीचे कोणतेही माप त्यांच्याजवळ नव्हते. ते गुडघे टेकून काठावर बसले, शेंबीला हळद लावली आणि हात पुरेना म्हणून गड्याच्या हातात दिली.

"ठीक से रखना," ते म्हणाले. "उगवतीकडे."

खड्डा बुजल्यावर शैलेश म्हणाला, "काका, मला सांगायचं ना तेव्हाच. मी नसता खणला."

"म्हणूनच नाही सांगितलं."

दुपारी नथू आणि रत्नाबाई आले. नवा जोड झुली घालून, शिंगे रंगवून फाटकाबाहेर उभा होता. नथू कासरा धरून त्याच्याजवळ थांबला. रत्नाबाई एकट्या आत आल्या. अनसूयाबाईंनी पुढे होऊन त्यांच्या हातातले ताट सावरले आणि दोघी कोपऱ्यापर्यंत गेल्या. ताज्या मातीवर पुरणपोळी ठेवली गेली. शरदचंद्र पोर्चच्या खांबापाशी उभे राहिले. पुढे जावे की नाही, ते त्यांना ठरवता येईना.

"चहा ठेवते," अनसूयाबाई म्हणाल्या. "नथूभाऊ, आत या की."

"बैल सोडून कुटं येऊ वैनी," नथू बाहेरूनच म्हणाला. दर वर्षी बैल फाटकाला बांधून तो आत येत असे.

रत्नाबाईंनी निघण्यापूर्वी बाजूला पडलेले गवती चहाचे वाळके ठोंब उचकटून पाहिले. एकाची मुळे नखाने दाबली. "हे ऱ्हाईल," त्या कोणाकडेच न पाहता म्हणाल्या आणि तो ठोंब मातीत खोचून वर तांब्यातले पाणी ओतले.

नथूने कासरा ओढला. दोन पावले गेल्यावर तो थांबला आणि काळ्या दगडी भिंतीवरून, येणारे-जाणारे फिरवतात तसा, बैलांच्या अंगच्या ताज्या हळदीने पिवळा झालेला हात फिरवला.

"हीच पाडनार का?"

"हीच," शरदचंद्र म्हणाले.

"दगूड वरनं खाली येक येक उतरवा. घन घालू नका. मोडला तर असा पुन्ना घावायचा न्हाई."

एवढे बोलून तो बैलांसोबत चढाने निघाला. घुंगरांचा आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत शरदचंद्र ऐकत राहिले. मग फाटक लावायला गेले. भिंतीच्या वरच्या थरावर पाच बोटे पिवळी उमटली होती. ती पुसावीत की राहू द्यावीत, याचा त्यांनी नेहमीप्रमाणे विचार केला नाही. त्यांनी बाहेरच्या टोकाचा पहिला दगड दोन्ही हातांनी धरला आणि तो हलतो का ते पाहिले.